राजीनामा नंतर, आधी हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका भाऊंचं पत्र आलं आहे. वय ३६, घरची सहा एकर कोरडवाहू शेती, आणि गावातल्या फुटबॉल क्लबचे ते अकरा वर्षांपासून सेक्रेटरी आहेत. क्लब नोंदणीकृत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्लबने खुले सामने भरवले. सोळा संघ आले, पहिलं बक्षीस ५१ हजारांचं होतं. खर्च ३ लाख २० हजारांवर गेला आणि जमा झाले १ लाख ८० हजार. एका व्यापाऱ्याने तोंडी कबूल केलेले ५० हजार आलेच नाहीत. गावच्या संघात नागपूर-कामठीहून चार खेळाडू पैसे देऊन आणले. आठ वर्षं मुलांना फुकट शिकवणाऱ्या कोचचा त्याला विरोध होता. त्यात अवकाळी पाऊस आला आणि दोन दिवस वाया गेले. शेवटच्या दिवशी सकाळी ओल्या मैदानावर उपांत्य सामना झाला. गावचा सतरा वर्षांचा गोलकीपर चेंडूसाठी पुढे आला, चेंडू चिखलात थबकला, समोरच्याने तो रिकाम्या जाळीत टाकला. संघ एक-शून्यने हरला. दुसऱ्याच दिवशी कोचला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. गोलकीपर मुलगा क्लबचे हातमोजे पिशवीत घालून सेक्रेटरींच्या फाटकाला अडकवून गेला, तो पुन्हा मैदानावर आलेला नाही. भाऊ विचारतात: “ताई, जबाबदारी माझी आहे. राजीनामा देतो आणि यंदाच्या तुरीच्या पैशातून उधारी फेडून मोकळा होतो, असं ठरवलंय. पण तुम्ही सोडलं तं क्लब बंद पडते, असं पोट्टे म्हणतात. अर्धं गाव म्हणते, पावसानं घात केला, तुमचा काय दोष. काय करू?”

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडले. पत्राच्या मधोमध, कंसात, घाईने लिहिलेलं वाक्य: “मैदान पाहून पंचांनी विचारलं होतं कसं करायचं म्हणून, पण फायनलला पाहुणे दुपारी येणार होते, मी म्हटलं होऊन जाऊ द्या.” त्यानंतरचं सगळं पत्र राजीनामा, तूर आणि गावच्या बोलण्याबद्दल आहे. मला मात्र त्या कंसातल्या वाक्याबद्दलच आधी बोलायचंय.

मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे ठरवायचा अधिकार फुटबॉलच्या नियमांनी पंचाला दिलाय. तुमच्या पंचांनी तो तुमच्यावर सोपवला आणि तुम्ही घेतला. आपल्याकडची काळी रेगडी ओली झाली की बुटाच्या तळाला थापली जाते, खिळे बुजतात, पाय उचलायचा तर मातीसकट उचलावा लागतो. चेंडू एका जागी सपकन घसरतो आणि दोन पावलांवर पाण्यात जागीच बसतो. तुमचा मुलगा चेंडू घसरत येईल या अंदाजाने पुढे निघाला. कोरड्या मैदानावर तोच अंदाज बरोबर ठरला असता आणि तुम्हीच त्याची पाठ थोपटली असती. गावाला त्याची चूक दिसली, कारण ती शेकडो लोकांसमोर झाली. तिची सुरुवात सकाळी झाली होती, पंच आणि तुम्ही दोघे काठावर बोलत उभे होतात तिथे, आणि ते बोलणं कुणाच्या कानावर गेलं नाही.

असं एका पोराच्या डोक्यावर सगळं येऊन बसणं काही फक्त आपल्या गावात होत नाही. १६ जुलै १९५० ला रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून २-१ ने हरलं. विश्वविजेते व्हायला ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. निर्णायक गोलच्या वेळी गोलकीपर बार्बोसाचा अंदाज असा, की समोरचा खेळाडू मध्ये पास देईल. त्याने थेट जवळच्या खांबाशी चेंडू मारला. बार्बोसा २००० साली वारला, तोवर पन्नास वर्षं लोकांनी त्याला त्या गोलसाठी माफ केलं नाही. संघाची पांढरी जर्सीही अपशकुनी ठरली, ती बदलून पिवळी केली. पिवळी घालूनसुद्धा १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीने त्यांना हरवलंच. पुढे १९५८ ला स्वीडनला जाताना मात्र त्यांनी व्यवस्थाच नव्याने बसवली. संघासोबत डॉक्टर होता, दातांचा डॉक्टर होता, मानसशास्त्रज्ञही होता. राहण्याची जागा आधी जाऊन पाहून ठरवली होती. त्या वर्षी ते पहिल्यांदा विश्वविजेते झाले. पेले आणि गारिंचासारखे खेळाडू होते हे खरंच, पण गुणी खेळाडू त्यांच्याकडे १९५० लाही होते.

तुमच्या गावाने कोचला ग्रुपमधून काढलं, तो मला जर्सीचा रंग बदलण्यातलाच प्रकार वाटतो.

आता पाऊस. “पावसानं घात केला” म्हणणारी माणसं तुमच्यावर माया करणारी आहेत, त्यांचा राग धरू नका. पण त्यांचं म्हणणं मान्यही करू नका. तुम्हीच लिहिलंय की दोन दिवस आधी मोबाईलवर इशारा आला होता, “पण तो तं दरसाल येते.” भाऊ, तुम्ही शेतकरी आहात. नागपूरच्या हवामान केंद्राचा अवकाळीचा इशारा आला, की अंगणात पडलेला कापूस तुम्ही रातोरात घरात भरता. पाऊस आलाच नाही तर घरभर कापूस झाला म्हणून कुणी तुम्हाला नावं ठेवत नाही. मग सामन्यांच्या वेळी राखीव दिवस का ठेवला नव्हता? मंडपवाल्याशी बोलताना “पाऊस आला तर भाड्याचं काय” हे का विचारलं नव्हतं? पाऊस तुमच्या हातात नव्हता, हे दोन प्रश्न होते. यात तुम्हाला गुन्हेगार ठरवायचा माझा हेतू नाही. पावसावर ढकललं की शिकायला काही उरत नाही, आणि पुढच्या डिसेंबरात मैदान तेच राहणार आहे.

राजीनाम्याकडे येते. तुम्ही लिहिलंत “जबाबदारी माझी आहे, म्हणून राजीनामा देतो”, आणि ही दोन वाक्यं तुम्ही “म्हणून”ने जोडलीत. मला तो सांधा पटत नाही. आपल्याकडे मंत्र्यापासून सरपंचापर्यंत जबाबदारी म्हणजे पद सोडणं अशी सवय पडली आहे. पण तुम्ही उद्या कागद देऊन घरी बसलात, तर काय झालं, का झालं, कुणी काय ठरवलं हे सगळं तुमच्यासोबत घरी येऊन बसेल. नवा सेक्रेटरी वही उघडेल तेव्हा त्याला नुसता आकडा दिसेल, त्यामागची गोष्ट दिसणार नाही. आणि तोही पुढच्या डिसेंबरात पंचाला “होऊन जाऊ द्या” म्हणेल.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. तुमचा क्लब धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असेल, तर कार्यकारिणीत बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या नोंदीत, नाव जुनंच राहतं. गावोगावी अशी मंडळं मी पाहिली आहेत, जिथे दहा वर्षांपूर्वी रागाने राजीनामा दिलेला माणूस कागदावर अजून सचिव आहे. ही गोष्ट फुटबॉलच्याच नाही, गणेश मंडळं, वाचनालयं, भजनी मंडळं चालवणाऱ्या सगळ्यांनी तपासून घ्यावी.

इथे माझी एक गोष्ट सांगते. मी एकोणतीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. एका वर्षी जिल्ह्याच्या खो-खो सामन्यांची प्रवेशिका पाठवायला मला उशीर झाला. मुली पहाटेच्या एसटीने तालुक्याहून निघाल्या, मैदानावर पोचल्या आणि न खेळता परतल्या. मी त्यांना सांगितलं, तिथल्या लोकांनी कागद घेतले नाहीत. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मनात त्या वर्षीच नोकरी बदलावी असं येत होतं. मला ते प्रायश्चित्त वाटत होतं. तीन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळच्या शाळेनंतर, मुलींना मैदानात गोल बसवून सांगून टाकलं की तारीख मी चुकवली. मला वाटलं होतं त्या रडतील नाहीतर रागावतील. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आठवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मग पुढच्या वेळी फॉर्म मी भरते.” तिने भरला. पुढची दोन वर्षं तीच भरायची, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहायची. मी नोकरी सोडून गेले असते, तर तिला कधी कळलंच नसतं की फॉर्म भरायला माणूस लागतो.

म्हणून आधी हिशेब द्या. पैशाचा आणि निर्णयांचा, दोन्हींचा.

पैशाचं पाहू. वहीच्या दोन पानांचे फोटो तुम्ही पाठवलेत. मंडप, बक्षिसं, जेवणं, पंचांचं मानधन, चारही बाहेरच्या खेळाडूंचं जाणं-येणं, सगळं स्वच्छ अक्षरात आहे. आणि खाली एक ओळ: “किरकोळ – ३१,५००.” भाऊ, तुम्ही एक पैसा खाल्ला नसेल याची मला खात्री आहे. तरी ती ओळ गावासमोर वाचायच्या आधी फोडा. चुना किती, डिझेल किती, चहा किती, पाहुण्यांच्या शाली आणि हार किती. आठवत नसेल तिथे “आठवत नाही” असंच लिहा, पण रक्कम लिहा. लोकांना तुटीचा तेवढा संशय येत नाही, किरकोळचा येतो. आणि तुम्हालाही त्यातून कळेल, की मैदानातलं पाणी काढायला चर खणायला जेवढे लागले असते, त्याहून जास्त शालींवर गेले का.

तुरीच्या पैशातून सगळं फेडून टाकायचा विचार सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्नी म्हणाल्या, “भरा, पण कशाचे भरता हे तरी सांगा.” अख्ख्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तो आहे. तुम्ही चुपचाप भरलेत की विषय मिटेल, तुम्ही मोठ्या मनाचे ठराल, आणि एक लाख चाळीस हजार कसे बुडाले हे कुणी विचारणार नाही. शिवाय पैसा घरचा आहे, त्यावर त्या माउलीचाही हक्क आहे. कृषी केंद्रवाल्या दादांचे हातउसने ९० हजार आणि दुकानदारांची बाकी ५० हजार, हे क्लबचं देणं आहे. कार्यकारिणी बसवा, दादांना समोर बोलवा, वही दाखवा आणि हप्ते मागा. तुमचा वाटा तुम्ही जरूर द्या, इतरांइतकाच किंवा थोडा जास्त.

आणि कर्ज फेडायला उन्हाळ्यात पुन्हा मोठे सामने घ्यायचे, हा जो सल्ला तुम्हाला दोघा-तिघांनी दिलाय, तो ऐकू नका. इंग्लंडमधला लीड्स युनायटेड हा क्लब २००१ साली युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. पुढेही तिथे खेळत राहू आणि पैसा येत राहील, या भरवशावर त्यांनी कर्ज काढून खेळाडू घेतले. पुढच्या हंगामांत पात्रता हुकली, खेळाडू विकावे लागले, २००४ ला प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या पहिल्या श्रेणीतून, खाली घसरले आणि २००७ ला थेट तिसऱ्या श्रेणीत. तुमच्या व्यापाऱ्याचे तोंडी ५० हजार आणि त्यांचा भरवसा, आकडे सोडले तर जात एकच. न आलेला पैसा खर्चाच्या बाजूला धरायचा नाही, एवढं एक तरी क्लबच्या ठरावात लिहून ठेवा.

याच्या उलट जर्मनीतला बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब. २००५ साली दिवाळं निघायची वेळ आली होती. त्या मार्चमध्ये, स्टेडियम ज्यांच्याकडे गेलं होतं त्या गुंतवणूकदारांची सभा डसेलडॉर्फच्या विमानतळावर भरली. क्लबने आपली परिस्थिती त्यांच्यापुढे मांडली आणि सवलत मागितली. त्यांनी ती दिली. मग खर्च आवरला, हळूहळू तरुण पोरांवर भिस्त ठेवली, २००८ ला युर्गन क्लोप प्रशिक्षक म्हणून आले, आणि २०११ व २०१२ अशी दोन वर्षं त्यांनी जर्मन लीग जिंकली. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यासमोर उभं राहायला तेव्हा त्यांनाही जड गेलं असेल. तुम्हाला तर फक्त कृषी केंद्राच्या ओट्यावर बसायचंय.

निर्णयांचा हिशेब जास्त कठीण आहे, कारण त्याची वही नसते. मी तुमच्या जागी असते तर एका कागदावर चारच गोष्टी लिहिल्या असत्या: बक्षीस ५१ हजारांचं ठेवणं, बाहेरचे चार खेळाडू आणणं, राखीव दिवस न ठेवणं, आणि त्या सकाळी सामना खेळवणं. प्रत्येकासमोर हा निर्णय कुणी घेतला आणि त्या दिवशी आपल्याला काय माहीत होतं. “त्या दिवशी” हे शब्द महत्त्वाचे. आज सगळ्यांनाच सगळं दिसतं. व्यापारी पैसे देणार नाही हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? नसेल, तर तिथे स्वतःला फार छळू नका. लेखी घ्यायला शिका. पण मैदान ओलं आहे हे त्या सकाळी ठाऊक होतं. सगळ्या चुका एकाच मापाच्या नसतात, आणि हे तुम्ही मोठ्याने वाचलंत की बाकीचेही आपापली ओळ वाचतील. बाहेरचे खेळाडू आणायला सभेत कुणी कुणी हात वर केला होता?

त्या चार खेळाडूंना मात्र दोष देऊ नका. कामठीत छावणीच्या काळापासून फुटबॉल रुजलाय, तिथली पोरं चांगली खेळतात, आणि बोलावलं म्हणून ती आली. प्रश्न हा आहे की त्यांच्यासाठी गावची जी चार पोरं बाहेर बसली, त्यांना अकरा वर्षांच्या क्लबने काय सांगितलं. क्लब कशासाठी काढला होता, याचं उत्तर तुमच्या पत्रात मला सापडलं नाही. सभेत ते विचारा. सामने जिंकायला काढला असेल तर एक हिशेब, गावच्या पोरांना संध्याकाळी मैदान मिळावं म्हणून काढला असेल तर दुसरा.

कोचकडे तुम्ही स्वतः जा, फोन करू नका. ग्रुपमधून काढलं ही चूक झाली, एवढं त्यांच्या घरी बसून सांगा. त्याच बैठकीत त्यांना परत या म्हणायची घाई नको, कारण त्यांनाही काही प्रश्न विचारावे लागतील. एवढ्या मोठ्या सामन्यांसाठी दुसरा गोलकीपर तयार का नव्हता? ओल्या मैदानावर चेंडू कसा वागतो, याचा सराव पोरांना दिला होता का? आठ वर्षं फुकट शिकवलं हे त्यांचे उपकारच, तरी प्रश्न विचारल्याने माणूस लहान होत नाही. त्यांनाही ते सांगायची जागा मिळाली पाहिजे. ती त्यांना मिळालीच नाही, थेट निकाल मिळाला.

सभा मैदानातच घ्या, तुरीची सोंगणी आटोपली की एखाद्या संध्याकाळी. पोरांना पुढे बसवा, मोठ्यांना मागे. हिशेब तुम्हीच वाचा. शेवटी सांगा की मी पदावर राहावं की नाही हे तुम्ही ठरवा, आणि ते बोलत असताना तिथून उठून जा. राहा म्हणाले तर एक वर्षाची मुदत मागून घ्या आणि सोबत विशी-बाविशीतले दोन जण घ्या, ज्यांच्या हाती वही देता येईल. अकरा वर्षं एकच माणूस सेक्रेटरी आहे म्हणूनच “तुम्ही सोडलं तं क्लब बंद पडते” असं पोरांना वाटतं. ते ऐकायला बरं वाटत असेल, पण त्यात तुमच्याकडून राहिलेलं एक काम आहे. नको म्हणाले, तर बदल अहवाल वेळेत भरून, वही समजावून देऊन बाजूला व्हा. मग तो राजीनामा खरा.

हे सगळं सभेनंतरचं आणि सभेतलं झालं. त्याच्याही आधी, याच आठवड्यात, एक काम आहे. फाटकाला अडकवलेली ती पिशवी अजून तुमच्या पडवीत असेल. हातमोजे काढून पाहा, बोटांच्या पेरांत त्या दिवशीचा चिखल वाळलेला असेल. तो स्वतः धुवा, सावलीत वाळवा आणि त्या गोलकीपर मुलाच्या घरी घेऊन जा. आई-वडील घरी असतील अशा वेळी जा. “झालं गेलं विसर” म्हणू नका, “पुढच्या वर्षी जिंकू” तर मुळीच म्हणू नका. पंचांनी मला विचारलं होतं आणि सामना खेळवायचा निर्णय माझा होता, एवढं त्याच्या आई-वडिलांसमोर त्याला सांगा. तो काही बोलणार नाही कदाचित. सतरा वर्षांचा आहे, तुम्ही लिहिलंय की बारावीला आहे, परीक्षा फेब्रुवारीत आहे. खेळायला ये असं आत्ता सांगू नका. हातमोजे तिथे ठेवा, चहा घ्या आणि या.